‘विक्षिप्त’ म्हणण्यापूर्वी

बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाची कल्पना करा. मधल्या सुट्टीत वर्गातील सारी मुले मैदानावर धावत असतात, तेव्हा हा वडाच्या बुंध्याशी बसून मुंग्यांची रांग पाहत असतो. फळ्यावर लिहिलेले उत्तर सर्वांनी उतरवून घेतले, तरी हा हात वर करून विचारतो, “पण असे का?” घरी पाहुणे आले म्हणजे तो त्यांच्यात बसत नाही, आणि बसलाच, तर सर्वांना पटलेली गोष्ट आपल्याला पटली नाही, असे सांगून मोकळा होतो.

या मुलाविषयी त्याची आजी म्हणते, “पोर छांदिष्ट आहे.” काका म्हणतात, “चक्रम आहे झाले!” शिक्षक म्हणतात, “आगाऊ आहे.” आणि आई म्हणते, “तो स्वतःच्या डोक्याने विचार करतो, इतकेच.” मुलगा एक, शब्द चार. यांपैकी कोणता शब्द त्याच्या कानावर रोज पडतो, यावर तो मुलगा स्वतःला काय समजू लागेल, हे पुष्कळ अंशी अवलंबून राहील.

चारचौघांहून वेगळे वागणाऱ्या आणि आपल्या मताने चालणाऱ्या माणसांसाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. वाण आहे ती ते शब्द पारखून वापरण्याच्या सवयीची. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळूरसारख्या ठिकाणी वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीत तर यांतील दोन-तीनच शब्द उरलेले दिसतात: ‘वेडा’, ‘विचित्र’ आणि फार झाले तर ‘क्रॅक’. शब्द थोडे उरले, की माणसांचे प्रकारही थोडेच दिसू लागतात. म्हणून या लेखात आपण काही शब्द हातात घेऊन त्यांचा अर्थ, त्यांचे मूळ आणि त्यांचे वजन पाहणार आहोत.

वागण्याच्या तऱ्हा

पहिला गट केवळ वागण्याच्या रीतीविषयी बोलणाऱ्या शब्दांचा. ‘तऱ्हेवाईक’ हा त्यांतला सर्वांत सौम्य. ‘तऱ्हा’ म्हणजे पद्धत. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ज्याची स्वतःची अशी एक तऱ्हा आहे, तो तऱ्हेवाईक. बाराही महिने छत्री घेऊन फिरणारा, किंवा पत्राच्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडणारा माणूस तऱ्हेवाईक असतो. त्याचा कोणाला उपद्रव नसतो. या शब्दात थोडे हसू असते, पण बहुधा त्या हसण्यात माया असते.

‘लहरी’ आणि ‘छांदिष्ट’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. वास्तविक त्यांचे अर्थ जवळजवळ उलट आहेत. लहर म्हणजे लाट. लाटेप्रमाणे ज्याचे मन आता वर आणि घटकेत खाली जाते, तो लहरी. सकाळी दिलेला शब्द त्याला संध्याकाळी आठवत नाही. याउलट छांदिष्ट माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो. नाणी जमवील, तर वर्षानुवर्षे नाणीच जमवील. लहरी माणसात सातत्य नसते. छांदिष्टात ते गरजेपेक्षा अधिक असते. ‘एककल्ली’ माणूस याच्याही पुढे जातो. आपल्या एका विषयापलीकडे जग आहे, याचा त्याला विसर पडतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याच्या कानात शिरत नाही.

‘विक्षिप्त’ हा शब्द मात्र जपून वापरावा असा आहे. संस्कृतात ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकले गेलेले, विखुरलेले. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तेथे विक्षिप्त चित्त हे अधूनमधून स्थिर होते, पण टिकत नाही. म्हणजे ती मधली पायरी आहे. ती वेडाची अवस्था नव्हे. मराठीत पुढे या शब्दाला ‘कशाने बिनसेल याचा नेम नाही असा’ हा अर्थ चिकटला. हिंदीत तो त्याहूनही कठोर झाला; तेथे विक्षिप्त म्हणजे ज्याच्या बुद्धीचा तोल गेला आहे असा मनुष्य. म्हणून मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपल्या एखाद्या बांधवाने मराठी समजुतीने शेजाऱ्याला ‘विक्षिप्त’ म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ भलताच उमटेल. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ या शब्दांनी होणारे घोटाळे आपण हसण्यावारी नेतो. या शब्दाने होणारा घोटाळा हसण्यासारखा नाही.

‘स्व’ने सुरू होणारे शब्द

दुसरा गट विचारांच्या व इच्छेच्या स्वातंत्र्याविषयी बोलतो. यातील पुष्कळ शब्द ‘स्व’ने सुरू होतात: स्वतंत्र, स्वच्छंदी, स्वैर, स्वाभिमानी, स्वयंप्रज्ञ. सर्वांमध्ये ‘स्वतःचे’ असे काहीतरी आहे. तरीही ‘स्वतंत्र बाण्याचा’ म्हटले की मान उंचावते आणि ‘स्वैर’ म्हटले की भुवया उंचावतात. शब्दशः पाहिले, तर स्वैर म्हणजे आपल्या इच्छेने हालचाल करणारा. ‘स्वैर अनुवाद’ म्हणताना आपण तो शब्द निर्दोष अर्थाने वापरतोही. परंतु माणसाविषयी, विशेषतः स्त्रीविषयी, तो वापरला की त्याचा आरोप होतो.

आणखी एक जोडी पाहा. ‘उच्छृंखल’ म्हणजे ज्याने शृंखला, म्हणजे साखळी, तोडली आहे असा. ‘मुक्त’ म्हणजे ज्याची बंधने सुटली आहेत असा. चित्र जवळजवळ एकच. पण मुक्ताला आपण वंदन करतो आणि उच्छृंखलाला दटावतो. फरक पुष्कळदा त्या माणसात नसून साखळीकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो. ज्याला ती साखळी आवश्यक वाटते, त्याच्या तोंडी एक शब्द येतो. ज्याला ती अन्यायाची वाटते, त्याच्या तोंडी दुसरा.

‘बंडखोर’ या शब्दाची घडण तर मनोरंजक आहे. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय. मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, चहाडखोर, भांडखोर, नफेखोर, दंगेखोर... या पंगतीत एकही भला माणूस बसलेला नाही! बंडखोरही मूळचा त्याच पंगतीतला. आज आपण ‘बंडखोर कवी’, ‘बंडखोर विचारवंत’ असे गौरवाने म्हणतो, हे त्या शब्दाने केलेले बंडच म्हणावे लागेल.

पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी शब्दांचे माप वेगळे असते, ही गोष्ट तर उघड आहे. पुरुष ‘कलंदर’ असतो. त्याच वृत्तीची स्त्री ‘उंडारणारी’ ठरते. पुरुष ‘स्पष्टवक्ता’ असतो, स्त्री ‘तोंडाळ’. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून हाच प्रश्न विचारला होता: जे दुर्गुण केवळ स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नसतात काय? बालपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा १८८४ पासून तो खटला गाजला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले असता त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या विलायतेत वैद्यकशास्त्र शिकल्या आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. खटल्याच्या दिवसांत त्यांच्या नकारात अनेकांना केवळ स्वैरपणा दिसला. आज त्याच नकाराला आपण धैर्य म्हणतो.

शब्दांची घसरण आणि चढण

माणसांप्रमाणे शब्दांचेही नशीब पालटते. ‘पाखंडी’ हा शब्द घ्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ किंवा संप्रदाय. बाराव्या शिलालेखात तर सर्व पासंडांचा आदर करावा आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, असे अशोक सांगतो. पुढे आपला तो धर्म आणि दुसऱ्याचे ते पाखंड, असा अर्थ रूढ झाला. ग्रीक भाषेतही असेच घडले. ‘हैरेसिस’ या शब्दाचा मूळ अर्थ निवड; त्यावरून एखादे मत निवडणाऱ्यांचा गट; आणि शेवटी खोटे मत. प्रेषित पौलावर राज्यपालापुढे आरोप झाला, तेव्हा त्याच्या मार्गाला विरोधकांनी हाच शब्द लावला होता (प्रेषितांची कृत्ये २४:१४). ‘निवड करणे’ हीच गोष्ट संशयास्पद मानली गेली, तेव्हा त्या शब्दाची घसरण झाली.

उलट काही शब्द चढले. ‘अवलिया’ हे अरबीतील ‘वली’चे अनेकवचन, वली म्हणजे ईश्वराचा मित्र, सत्पुरुष. मराठीत आपण एकाच माणसाला अवलिया म्हणतो आणि त्यात जगाच्या रीतींची पर्वा नसलेला, पण अंतरी मोठा, असा अर्थ भरतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकाने घरोघरी पोहोचवलेला ‘वल्ली’ हा शब्दही याच घराण्यातला मानला जातो. ‘कलंदर’ म्हणजे घरदार व रीतिरिवाज सोडून भटकणारा सूफी फकीर. हे शब्द दुसऱ्या धर्मपरंपरेतून आले, आणि मराठी माणसाने वेगळेपणाचे कौतुक करण्यासाठी ते आपलेसे केले.

‘सुधारक’ हा शब्द आज पाठ्यपुस्तकात मानाने छापला जातो. गेल्याच्या मागच्या शतकात सनातनी मंडळी तो नाक मुरडून उच्चारीत. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली आपल्या वृत्तपत्राला तेच नाव दिले. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. नाव मात्र त्यांनी बदलले नाही. हिणवण्यासाठी वापरलेला शब्द मस्तकी धारण केला, की त्यातील विष हळूहळू उतरते.

एकाच गुणाची दोन नावे

मराठीत अशा अनेक जोड्या आहेत की ज्यांत वागणे एकच, पण निवाडा वेगळा:

फटकळ — स्पष्टवक्ता
हेकट — निग्रही
माणूसघाणा — एकांतप्रिय
छांदिष्ट — व्यासंगी
गर्विष्ठ — स्वाभिमानी
आगाऊ — जिज्ञासू
आडमुठा — बाणेदार

या जोड्या म्हणजे केवळ समानार्थी शब्द आहेत आणि आपण नेहमी उजवीकडचाच निवडावा, असे समजणे बरोबर होणार नाही. काही माणसे खरोखरच आडमुठी असतात. त्यांना बाणेदार म्हणणे, हे खऱ्या बाणेदार माणसांवर अन्याय करण्यासारखे आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवले व पुणे सोडले. त्यांना आपण बाणेदार म्हणतो, कारण त्यांचा ताठपणा स्वतःच्या मानापानासाठी नव्हता. न्यायासाठी होता, आणि त्यासाठी त्यांनी पदावर पाणी सोडले. आडमुठ्या माणसाच्या ताठपणाच्या मुळाशी बहुधा तो स्वतःच असतो.

दोन्ही बाजूंनी आलेले शब्द

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करून रानात वास्तव्य केले. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई आईकडूनच संस्कृत शिकल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तोवर त्यांचे वेगळेपण सर्वांना अलौकिक वाटत होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि कालपर्यंतची सरस्वती अनेकांच्या लेखी धर्मभ्रष्ट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण असे लोक थोडे होते.

कथा इथेच संपली असती, तर आपल्याला ती सोयीची वाटली असती. पण ती संपत नाही. ज्या इंग्रज भगिनींच्या मठाने त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही रमाबाईंचे मतभेद झाले. जी शिकवण आपल्या बुद्धीला व विवेकाला पटली नाही, ती केवळ वरिष्ठ सांगतात म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. तेव्हा ख्रिस्ती मंडळींकडूनही त्यांच्यावर अहंकाराचा आणि अवज्ञेचा ठपका आला. एका बाजूला त्या अति ख्रिस्ती वाटल्या, दुसऱ्या बाजूला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. त्या स्वतः मात्र दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट करीत होत्या: पटल्याशिवाय हो म्हणायचे नाही. याच स्वभावाने १८८९ मध्ये शारदा सदन उघडले, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ‘हट्टी’ हा शब्द त्यांना लावणाऱ्यांनी तो कोणत्या कामासाठी लावला होता, हे आता कोणाला आठवतही नाही.

लहरी आणि मनस्वी

‘मनस्वी’ हा शब्द मराठीत दुहेरी आहे. संस्कृतात मनस्वी म्हणजे उदात्त मनाचा, तेजस्वी. मराठीत तो मनापासून, स्वतःला झोकून देऊन जगणाऱ्या माणसाला लागतो. पण ‘मनस्वी त्रास झाला’ असेही आपण म्हणतो. म्हणजे अतोनात. एकाच शब्दात थोरवी आणि त्रास शेजारी शेजारी नांदतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे असे मनस्वी पुरुष होते. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ही गोष्ट नंतर कळली. लक्ष्मीबाईंना पुढे किती यातना झाल्या, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळते. पतीचा लहरीपणा, त्यांचे तडकाफडकी निघून जाणे, जवळचे देऊन टाकणे, हे सारे त्यांनी लपवले नाही. पण त्यांनी पतीवर ‘लहरी’ हा एकच शिक्का मारून ते प्रकरण मिटवलेही नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम आरंभिले. १९१९ मध्ये ते वारले.

ज्या निश्चयाला जग मनस्वीपणा म्हणून गौरवते, त्याची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच कोणी मोजते, हा धडा लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून मिळतो. म्हणून वेगळ्या माणसाचे कौतुक करतानाही आंधळे होऊ नये. तसेच एका शब्दाने संपूर्ण माणूस मावत नाही, हेही त्या दाखवतात. त्यांच्या टिळकांना दोन्ही शब्द लागतात, आणि दोन्ही खरे आहेत.

शब्द निवडताना

मग योग्य शब्द कसा निवडावा? तीन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला: या माणसाचे वेगळेपण केवळ रीतीत आहे की विचारात? रीतीत असेल, तर ‘तऱ्हेवाईक’ पुरे. त्याला बंडखोर ठरवण्याचे कारण नाही. दुसरा: हे वेगळेपण टिकते की रोज बदलते? मनाच्या लाटेबरोबर वाहणारा माणूस स्वतंत्र नसतो. तो आपल्या लहरीचा ताबेदार असतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: या वेगळेपणाची किंमत कोण मोजतो? स्वतः मोजत असेल, तर आदराचा शब्द शोधावा. दुसऱ्याला मोजायला लावत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पण तेही त्याच्या कृतीविषयी सांगावे, सगळ्या माणसाविषयी नव्हे.

बाप्तिस्मा करणारा योहान उंटाच्या केसांचे वस्त्र घालून रानात राहिला, उपास केले. लोक म्हणाले, त्याला भूत लागले आहे. येशू लोकांच्या पंगतीला बसला. त्याला तेच लोक खादाड म्हणाले (मत्तय ११:१८, १९). त्याच्या आप्तांना तर त्याला भ्रम झाला आहे असे वाटले (मार्क ३:२१). ज्याला दोष द्यायचा असतो, त्याला शब्द नेहमीच सापडतो. आपली परीक्षा असते ती आधी नीट पाहण्यात.

आता पुन्हा त्या वडाखालच्या मुलाकडे वळू या. तो पुढे कोण होईल, हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित शास्त्रज्ञ होईल, कदाचित साधा कारकून. पण आज संध्याकाळी तो घरी येऊन “सगळे मला चक्रम का म्हणतात?” असे विचारील, तेव्हा त्याच्या हातात दुसरा एखादा शब्द ठेवता आला पाहिजे. तो शब्द खोट्या स्तुतीचा नसावा. खरा असावा आणि त्याला वाढायला जागा देणारा असावा. मराठीत तसे शब्द आहेत. ते आपल्याला आठवले पाहिजेत.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. ‘लहरी’ आणि ‘छांदिष्ट’ यांत कोणता फरक आहे? आपल्या परिचयातील व्यक्तींची नावे न घेता प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.

२. ‘पाखंडी’ आणि ‘सुधारक’ या शब्दांचे अर्थ कसे पालटले? असा पालट झालेला आणखी एखादा शब्द आपल्याला आठवतो काय?

३. आपल्या घरात मुलगा आणि मुलगी यांच्या एकाच वागण्याला वेगवेगळे शब्द वापरले जातात काय?

४. पंडिता रमाबाईंवर दोन्ही बाजूंनी ठपका का आला? आज आपल्या मंडळीत असे कोणी आहे काय, की ज्याच्याविषयी आपण घाईने शब्द निवडला?

५. गेल्या आठवड्यात आपण कोणाला ‘विक्षिप्त’, ‘हट्टी’ किंवा ‘आगाऊ’ म्हटले असेल, तर लेखातील तीन प्रश्न लावून पाहा. शब्द तोच राहतो की बदलतो?